साळवे मास्तरांचा शनिवार

शनिवारी सकाळी नळाला पाणी आलं, की आमच्या शेजारचे साळवे मास्तर कुंपणाच्या भिंतीपाशी येऊन उभे राहतात आणि हवेबद्दल बोलायला लागतात.

"आज हवेत गारवा लई हाय, नाय का?"

एप्रिल महिना, सकाळी आठलाच अंगाची लाही व्हायला लागलेली आणि मास्तर म्हणतात गारवा. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा भिंतीपाशी माझा नवरा होता. तो सरळ माणूस. 'हो, आहे थोडा,' म्हणाला. मग मास्तर म्हणाले, "पाण्याचा आवाज किती ग्वाड असतो बघा." नवरा म्हणाला, खरंय. "हौदात पडतो तो तर ग्वाडच. पण वरच्या टाकीत पडतो ना, तो आवाज त्याहून ग्वाड." नवऱ्यानं त्यालाही मान डोलावली आणि पेपर वाचायला घरात आला. मास्तर आणखी थोडा वेळ तिथंच उभे राहिले. पाणी गेलं. त्यांची टाकी कोरडी ती कोरडीच.

आमच्या शहरात नळाला पाणी येणं ही बातमी असते. ते कधी येईल ते कुणी सांगत नाही आणि एकदा हुकलं तर पुढं किती दिवस वाट बघायची तेही कुणी सांगत नाही. त्यामुळं पाणी आलेलं असताना मोटारीचं बटण न दाबता कोकिळेसारखं हवेचं कौतुक करत उभा राहणारा माणूस पुंडलिकनगरात दुसरा नव्हता.

कोडं सोडवलं ते माझ्या सासूबाईंनी. आम्ही त्यांना माई म्हणतो. पुढच्या खेपेला मास्तरांनी गारवा काढल्याबरोबर माई तरातरा फाटकातून बाहेर पडल्या, त्यांच्या अंगणात गेल्या, मोटारीचं बटण दाबलं आणि परत आल्या. मास्तरांनी आभाळाकडं बघून हात जोडले.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"चातुर्मासात मी मौनानं जेवते, तेव्हा मीठ हवं असलं तर काय करते?"

"मिठाकडं बघता."

"मग? त्यांचा आज शनिवार आहे. काम करायचं नाही, दुसऱ्याला सांगायचंही नाही. आपण समजून घ्यायचं."

तर हे रत्नाकर शमुवेल साळवे. छावणीतल्या एका शाळेत जन्मभर इतिहास शिकवला. बायको गेल्यावर छावणीतलं भाड्याचं घर सोडून आमच्या शेजारच्या रो-हाऊसमध्ये राहायला आले. उंच, काटकुळे, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. मुलगी पुण्याला असते, ती रोज फोन करते आणि रोज 'बाबा, इकडं या' म्हणते. धर्मानं ख्रिस्ती. पण शुक्रवारी सूर्य मावळला, की शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत मास्तर गॅस पेटवत नाहीत, दिव्याचं बटण दाबत नाहीत, लिहीत नाहीत, गाडीत बसत नाहीत. डुक्कर खात नाहीत, मटण आणि दूध एका जेवणात घेत नाहीत. त्यासाठी घरात भांड्यांचे दोन संच आहेत. दुधाच्या भांड्यांना बुडाशी निळ्या नेलपॉलिशचा ठिपका, मटणाच्या भांड्यांना लाल. बायबलातल्या मोशेच्या नियमशास्त्रात आणखीही गोष्टी आहेत, पण त्या सगळ्याच काही इथं सांगण्यासारख्या नाहीत.

गल्लीत या शनिवाराबद्दल निरनिराळी मतं होती. किराणा दुकानातल्या काकूंची खात्री होती, की मास्तरांना साडेसाती सुरू आहे. त्यांनी एकदा रुईच्या पानांची माळ आणि तेलाची बाटली आणून दिली. मास्तरांनी तेल ठेवून घेतलं, माळ परत केली आणि 'लई उपकार' म्हणाले. उस्मानपुऱ्यातल्या मटणवाल्या रफिकभाईंचा निष्कर्ष वेगळा. डुक्कर शिवत नाही, मटणातलं रक्त पार निथळल्याशिवाय घेत नाही, म्हणजे काय ते उघड आहे. "मास्टर, तुम तो हमारेच निकले," ते म्हणायचे, "खाली बोलते नै." आणि आमच्या माईंना तर त्या ठिपक्यांच्या भांड्यांनी जिंकलंच होतं. सोवळ्याची भांडी वेगळी ठेवणारा माणूस त्यांना अनेक वर्षांत भेटला नव्हता. घरातली सूनसुद्धा त्या बाबतीत कच्ची निघालेली.

थोडक्यात, प्रत्येकाला वाटायचं, की मास्तर थोडेसे आपल्यातलेच आहेत. ज्यांच्यातले ते खरोखर होते, त्यांना मात्र तसं वाटेना. छावणीतल्या चर्चमध्ये, जिथं ते दर रविवारी न चुकता जातात, त्यांना लोक मागं 'यहुदी मास्तर' म्हणायचे.

"मला सांगा वर्षाताई," मास्तरांनी मला एकदा भिंतीवरून विचारलं, "येशू कोण होता?"

मी विमा कंपनीत नोकरी करते. सकाळी नऊ वाजता, डबा हातात असताना, असले प्रश्न मला झेपत नाहीत. "तुमचा देव," मी म्हणाले.

"ते झालं. पण जन्मानं कोण? यहुदी. त्याची आई यहुदी, बारा चेले यहुदी. तो गेल्यावर यरुशलेमात पहिली मंडळी जमली, ती शनिवार पाळायची, मंदिरात जायची, ताटात काय येतंय ते बघून जेवायची. आन् तिचा मुख्य कोण? याकोब. येशूचा सख्खा भाऊ. आता हे लोक ख्रिस्ती नव्हते असं म्हणायची कुणाची छाती हाय का?"

माझी तर नव्हतीच. माझी बस निघून गेली होती.

हा याकोब म्हणजे मास्तरांचं दैवतच म्हणा ना. त्याचं नाव ते असं घेतात, की नवख्याला वाटावं, उस्मानपुऱ्यात राहणारा मावसभाऊ आहे. कुठलाही वाद निघाला, की 'याकोबाला विचारा!' टोमॅटो महाग झाले, याकोबाला विचारा. रस्ता खणून ठेवलाय, याकोबाला विचारा. यहुदी नसलेल्यांत धर्म नेणाऱ्या पौलाबद्दल बोलताना मात्र त्यांचा सूर बदलतो. बदली होऊन मोठ्या शाळेवर गेलेल्या सहकाऱ्याबद्दल मास्तर लोक बोलतात, तसा. "हुशार माणूस. लिहितो तर लई भारी. बाहेरच्यांना आत घेतलं, चांगलं केलं. त्यांना नियमाचं ओझं नको म्हणाला, तेबी ठीक. पण जे पाळत होते त्यांनी पाळलं तर ह्याचं काय जात होतं?"

माईंना या सगळ्यात अतोनात रस. मी हे लिहायला बसले त्याचं खरं कारण तेच आहे. माझे सासरे गेल्यावर माई बोलायच्या थांबल्या होत्या. भांडायच्यासुद्धा नाहीत. दिवसभर टीव्ही चालू आणि माई भिंतीकडं बघत बसलेल्या. आम्ही दोघं नोकरीवर, संध्याकाळी येऊन काय बोलणार? 'जेवलात का' आणि 'गोळी घेतलीत का'. अशा घराच्या शेजारी मास्तर राहायला आले आणि त्यांनी माईंना रोज भांडायला एक विषय दिला. यरुशलेमात तेव्हा कोण काय म्हणालं, हे माई संध्याकाळी मला तावातावानं सांगायला लागल्या. त्या माणसाचे माझ्यावर किती उपकार आहेत, हे मला त्याला तोंडावर कधी सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर मास्तर म्हणाले असते, आभार याकोबाचे माना.

वल्हांडणाच्या, म्हणजे यहुद्यांच्या सणाच्या आठवड्यात मास्तर घरातून खमीर, म्हणजे आंबवलेलं सगळं, बाहेर काढतात. पाव, खारी, टोस्ट, नानखटाई, सगळं पिशवीत भरून आमच्याकडं. मग आठवडाभर नुसती ज्वारीची भाकरी. "हा नियम यहुद्यांना जड जात असंल," ते म्हणतात, "मराठवाड्यातल्या माणसाला मोशे नवीन काय सांगणार?"

जेवणाचा मात्र एक तिढा होता. आमचं घर शाकाहारी, माईंचा स्वयंपाक कडक सोवळ्याचा. मास्तर म्हणायचे, अख्ख्या पुंडलिकनगरात मला डोळे झाकून चालंल असं एकच स्वयंपाकघर हाय, ते माईंचं. माई भिंतीवरून डबा द्यायच्या, मास्तर आनंदानं जेवायचे. डबा परत यायचा तो कढीपत्ता नाहीतर पेरू भरून, कारण माई बाहेरचं शिजवलेलं खात नाहीत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा नाही. माहेर भिक्षुकाचं, लहानपणापासून तीच शिस्त. शिस्त सगळ्यांनाच सारखी, असं त्या म्हणायच्या. पण ती कुणाला जास्त बोचते हे मला कळत होतं, मास्तरांना तर माझ्याहून जास्त, आणि पेरूंनी भरलेला तो डबा हातात घेताना मला लाज वाटायची.

मास्तरांनी एकदा येशूच्या बारा चेल्यांतल्या पेत्राची गोष्ट सांगितली. अंत्युखिया नावाच्या गावी पेत्र आधी बाहेरच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या लोकांच्या पंक्तीला बसून जेवत होता. मग याकोबाकडची माणसं आली, तसा लोक काय म्हणतील म्हणून हळूच बाजूला झाला. पौलानं चारचौघांत त्याला झापलं.

"ताटावरून उठला?" माई म्हणाल्या. "हे मात्र चुकलं हो पेत्राचं."

"व्हय," मास्तर हसून म्हणाले, "पण निदान आधी बसला तरी होता, माई."

त्यानंतर माई त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, तर फणकारल्या, "खरं बोलला मेला. म्हणून तर राग आला."

पुढं त्या लोकांचं काय झालं, तेही मास्तरांनी सांगितलं. बाहेरची मंडळी वाढत गेली, नियम पाळणारे उरले मूठभर. यहुद्यांच्या सभास्थानातले म्हणाले, तुम्ही त्या येशूच्या मागं गेलात, इथं येऊ नका. चर्चवाले म्हणाले, तुम्ही अजून शनिवार धरून बसलात, तुम्ही पाखंडी. त्यांच्यातल्या काहींना एबियोनी म्हणायचे, म्हणजे गरीब. "त्यांच्या बाजूनं लिहिणारं कुणी उरलं नाय," मास्तर म्हणाले. "जे काय माहीत हाय, ते त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी लिहिलेलं." मग चष्मा पुसत म्हणाले, "माझ्या आज्याला गावात विहिरीवर चढू देत नव्हते, म्हणून तो ख्रिस्ती झाला. तर तिकडं मिशनचा साहेब म्हणाला, तुमच्यात अजून जुनं लई शिल्लक हाय. गाव म्हणालं गेला, साहेब म्हणाला अजून आला नाय. मी ते एबियोनी वाचले ना, तवा मला आपल्याच भावकीतले वाटले."

त्या दिवशी मी दुसरी बसही सोडली.

गेल्या वर्षी छावणीच्या चर्चमध्ये नवे पाळक आले. जालन्याकडचे, तरुण, बोलायला अगदी मऊ. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी ते मास्तरांकडं आले. ओट्यावर बसले. भिंतीच्या अलीकडं माई गवार निवडत होत्या आणि मी त्यांना मदत करायचं निमित्त करून बसले होते.

"मास्तर, तुम्ही घरात काय पाळता त्याला माझी ना नाही," पाळक म्हणाले. "पण आता तरुण मुलं विचारतात, मास्तर पाळतात तर आपण का नाही? तारण कृपेनं मिळतं की नियमानं? कमिटीचं म्हणणं आहे, की तुम्ही मंडळीपुढं एक वाक्य बोलावं. शनिवार सोडला, एवढंच. नाहीतर..." ते थांबले. "नाहीतर ईस्टरपासून प्रभुभोजनाला तुम्ही पुढं येऊ नये."

प्रभुभोजन म्हणजे भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षारसाचा एक घोट. चर्चमध्ये पुढं एक लाकडी कठडा असतो, तिथं लोक ओळीनं गुडघे टेकतात आणि पाळक प्रत्येकाला देत जातात. एवढंच. पण मास्तर आणि त्यांची बायको सुशीलाबाई लग्नापासून त्या कठड्याच्या एकाच टोकाला शेजारी शेजारी गुडघे टेकत आले होते. सुशीलाबाई गेल्या तरी मास्तर जागा बदलत नाहीत. त्यांनीच माईंना कधीतरी सांगितलं होतं, "तिथं बसलो की ती बाजूला हाय असं वाटतं. दुसरीकडं कुठं वाटत नाय. कबरीपाशीबी नाय."

पाळक गेल्यावर मास्तर ओट्यावरच बसून राहिले. याकोबाचं नावसुद्धा काढलं नाही, तेव्हा मला काळजी वाटली.

सगळ्यांनी त्यांना समजावलं. मुलीनं फोनवर समजावलं, बाबा, एक वाक्य तर म्हणायचंय. मी म्हणाले, लोकांसमोर सोडला म्हणा आणि मनात ठेवा. माई तर फारच व्यवहारी. "तोंडानं हो म्हणायचं आणि घरात आपलंच करायचं. आम्ही बायका जन्मभर दुसरं काय करतो?"

"तसं नाय जमायचं, माई."

"का नाही? शनिवार मोठा, का त्या कठड्यावरची जागा मोठी?"

मास्तर उठून आत गेले. माई माझ्यावर डाफरल्या, "रविवारी तू त्यांच्याबरोबर जा. एकटं जायचं नाही त्यांनी."

ईस्टरच्या सकाळी मी मास्तरांना स्कूटीवर मागं बसवून छावणीत नेलं. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, मांडीवर बायबलची पिशवी. चर्च फुलांनी भरलेलं होतं, मुलं नवे कपडे घालून बाकांमधून पळत होती. लोक मास्तरांशी चांगलं बोलले, खरंच चांगलं बोलले. दुष्ट माणूस तिथं एकही नव्हता. असता तर मला रागवायला बरं पडलं असतं.

मास्तर नेहमी पुढं बसतात म्हणे. त्या दिवशी ते शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी बसले. गाणी झाली, उपदेश झाला. मग पाळकांनी क्षणभर थांबून मागं पाहिलं. ते वाट बघत होते हे मलाही कळलं. सगळं चर्च वाट बघत होतं. मास्तरांनी पुढच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरली आणि ते बसून राहिले.

मग एकेक ओळ उठून कठड्याकडं जायला लागली. पुढच्या बाकावरच्या एक म्हाताऱ्या बाई वळून म्हणाल्या, "चला की मास्तर." त्यांना बहुतेक काही माहीत नसावं. मास्तरांनी मान हलवली. त्या गेल्या. कठड्याच्या त्या टोकाला एक नवं जोडपं जाऊन टेकलं. मास्तर तिकडं बघत होते. मी माझ्या पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले, कारण त्यांच्याकडं बघणं मला शक्य नव्हतं.

दारात पाळकांनी त्यांचा हात बराच वेळ हातात धरला. त्यांचे डोळे लाल होते. "मास्तर, पुढच्या वेळी तरी..."

"बघू," मास्तर म्हणाले. "याकोबाला विचारून सांगतो."



घरी आलो, तर मास्तरांच्या बंद दारासमोर ओट्यावर माई उभ्या. धुतलेलं नऊवारी, केस नीट बांधलेले आणि काखेत त्यांचा जेवायचा पाट. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. चर्चमध्ये काय झालं ते त्यांना तेवढ्यावर कळलं.

"मास्तर," माई म्हणाल्या, "मला भूक लागलीय. काय करता जेवायला?"

मास्तर बघतच राहिले. "माई, मी... माझ्याकडं तर पिठलं-भाकरीच होईल."

"मग करा."

"तुम्ही जेवणार? माझ्या हातचं?"

"पाट माझा, जेवण तुमचं. लवकर करा, माझी गोळी घ्यायची राहिलीय."

मास्तरांची जी तारांबळ उडाली! निळ्या ठिपक्याचं पातेलं काढलं, ते ठेवून दुसरं निळ्या ठिपक्याचं काढलं. पीठ सांडलं. पिठल्याच्या फोडणीशी येऊन हात थांबला. माईंकडं वळून त्यांनी अदबीनं विचारलं, "माई, कांदा-लसूण?"

माईंनी क्षणभर डोळे मिटले. "घाला," म्हणाल्या. "मोडायचंच तर नीट मोडू."

त्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं जमिनीवर एका ओळीत बसलो. माई पाटावर, मधे मास्तर, या टोकाला मी. माईंनी पहिला घास घेतला. वयाची ऐंशी उलटल्यावर त्या आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरचं शिजवलेलं अन्न खात होत्या. हे त्यांनी फार आधी करायला हवं होतं, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. पिठलं त्यांनी चावून चावून खाल्लं आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." मास्तरांनी धावत मीठ आणलं. मला वाटतं, दुसऱ्या कुठल्याही कौतुकानं ते इतके खूश झाले नसते.

दुसरी भाकरी वाढून घेताना माईंनी विचारलंच. "आता सांगा. का नाही म्हणालात ते एक वाक्य? एबियोनींसाठी?"

मास्तर भाकरीचा तुकडा बोटांत फिरवत बसले. 

"एबियोनी नंतर आले, माई," ते म्हणाले. "आधी सुशीला."

मग त्यांनी सांगितलं. सुशीलाबाई शेवटची काही वर्षं अंथरुणावर होत्या. मास्तर शाळेतून आले, की शिकवण्या, शनिवारी शाळेला सुट्टी असायची तेव्हाही सकाळपासून शिकवण्या. औषधं महाग होती. त्या आतल्या खोलीत एकट्या पडून असायच्या. मास्तरांना वाटायचं, आठवड्यातला एक दिवस तरी हिच्यापाशी बसावं. पण तसं म्हटलं, की त्या हाकलायच्या. माझ्यासाठी काम बुडवू नका, पोरांची परीक्षा हाय, जा. मी काय पळून चाललेय?

"माझं ऐकायची नाय. लई हट्टी. मग एका शुक्रवारी मी तिला म्हणालो, सुशीला, मी वाचलंय. पहिले ख्रिस्ती लोक शनिवारी काहीच काम करत नव्हते. देवाची आज्ञा हाय, दहातली एक. उद्यापासून आपणबी पाळायची." मास्तर हसले. "देवाचं नाव घेतल्यावर काय बोलणार ती? मला म्हणाली, असं असंल तर असू द्या. दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून सांजेपर्यंत तिच्यापाशी बसलो. गप्पा मारल्या, ती झोपली, उठली, परत गप्पा मारल्या. काही करायला परवानगीच नव्हती ना मला."

"म्हणजे खोटंच सांगितलंत," माई म्हणाल्या.

"तवा खोटं. पुढं तिला फसवतोय असं वाटायला लागलं, म्हणून खरंच वाचायला बसलो. वाचत गेलो, तर निघालं सगळं खरंच. मग मनापासून पाळायला लागलो."

माईंनी पदरानं नाक पुसलं. "तिला कळलं होतं का?"

"ठाऊक नाय. विचारायचा धीर झाला नाय." मास्तरांनी तुकडा ताटात ठेवला. "पण शेवटी शेवटी तिला नीट बोलता येत नव्हतं. एका शुक्रवारी एक पोरगा बाहेर म्हणत होता, सर, उद्या सकाळी येऊ का? माझ्या आधी हिनंच आतून हाक मारली. सगळा जोर लावून म्हणाली, उद्या नाय रे बाबा, उद्या आमचा शनिवार हाय. आमचा म्हणाली, माई. माझा नाय. आता तो सोडला म्हणून मी मंडळीपुढं सांगू, तर त्या कठड्यापाशी तिच्या शेजारी कुठल्या तोंडानं बसू?"

 माईंनी हात पुढं करून टोपल्यातली भाकरी उचलली, अर्धी मोडली आणि मास्तरांच्या ताटात वाढली. उरलेली अर्धी स्वतः घेतली. आम्ही तिघं जेवत राहिलो. मी सुशीलाबाईंना कधी पाहिलं नव्हतं, पण माईंना बोलतं करणारा याकोब त्यांच्यामुळंच आमच्या भिंतीपाशी आला होता. त्या दुपारी मी मनातल्या मनात त्यांचे फार आभार मानले.